‘काकू, त्यांना पाणी दिलं का?’

(या सदरात वाचकांच्या पत्रांना एक निवृत्त पाळकीणबाई, म्हणजे चर्चच्या पाळकांच्या पत्नी, उत्तरं देतात. पत्र लिहिणाऱ्यांची नावं छापत नाही.)

प्रश्न : पाळकीणबाई, प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

मी पिंपरीला राहते. वय ४४, बँकेत नोकरी. माहेर संगमनेरकडचं. आमच्या घरात पणजोबांपासून ख्रिस्ती धर्म आहे. वडील शब्बाथ शाळा (मुलांचा रविवारचा धर्मवर्ग) घ्यायचे. मी अकराव्या वर्षापासून गायनमंडळात आहे. उपासना संगीतातली किती गीतं पाठ आहेत ते मोजलं नाही, पण पुस्तक उघडायची वेळ सहसा येत नाही.

आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बारा ते तीन उपासना असते. येशूनं क्रुसावरून काढलेले सात उद्गार सात जण वाचतात. पंधरा वर्षं झाली, पाचवा उद्गार माझ्याकडे आहे. ‘मला तहान लागली आहे.’ आवाज बरा आहे म्हणून कुणी बदलत नाही.

यंदा माझ्या मुलीबरोबर तिची वर्गातली मैत्रीण आली होती. नऊ वर्षांची. त्यांच्या घरी गणपती, संकष्टी सगळं असतं. तिच्या आईला ड्युटी होती म्हणून दुपारभर मुलगी आमच्याकडे होती, आणि घरी एकटी कशी ठेवायची म्हणून आम्ही तिला आमच्या देवळात घेऊन गेलो. मी वाचून जागेवर येऊन बसले. खोटं कशाला बोलू, वाचत असताना माझ्या डोक्यात ईस्टरच्या जेवणाची यादी चालली होती. खोबरं, दोन किलो चिकन, दही सांगायचं राहिलंय. तेवढ्यात त्या मुलीनं माझा दंड हलवला आणि हळूच विचारलं, “काकू, त्यांना पाणी दिलं का?”

मी म्हटलं, “आंब दिली.” ती म्हणाली, “आंब म्हणजे?” मला सांगता येईना. पंधरा वर्षं मी तो शब्द वाचतेय. पुढचा दीड तास ती मुलगी पुढच्या बाकाला धरून, ओठ दाबून ऐकत होती. माझी मुलगी शेजारी हातावर पेनानं घड्याळ काढत होती. आणि मी दोघींकडे बघत होते.

त्या दिवसापासून मला चैन नाही. मी ढोंगी आहे का? सगळं इतकं ओळखीचं झालंय की काही होतच नाही. नव्यानं विश्वासात आलेले लोक साक्ष देताना रडतात, तेव्हा मला हेवा वाटतो. गायनमंडळ सोडावं का?

उत्तर : ताई, सलाम. आधी त्या पोरीच्या प्रश्नाचं उत्तर देते. तिनं विचारलंय आणि ते अजून लटकलेलं आहे.

आंब म्हणजे आंबूस झालेला स्वस्त द्राक्षारस. रोमी शिपाई तो पाण्यात मिसळून पीत. त्यांचं रोजचं पेय ते. म्हणजे क्रुसापाशी पहारा करणाऱ्यांनी स्वतःसाठी भरून ठेवलेलं भांडं तिथं होतं. त्यातली आंब त्यांनी स्पंजात घेतली, स्पंज एजोबाच्या (एका झुडपाच्या) काठीवर बसवला आणि येशूच्या तोंडाला लावला. एजोब तुम्ही आणखी एके ठिकाणी वाचलेला आहे. मिसर देशातून (इजिप्तमधून) निघायच्या रात्री इस्राएल लोकांनी कोकऱ्याचं रक्त दाराच्या चौकटीला लावलं ते एजोबाच्या जुडीनं. शुभवर्तमान लिहिणाऱ्या योहानाला ती काठी कसली होती ते लिहायची गरज वाटली, त्यामागं हे असावं असं मला वाटतं.

आणखी एक. त्या दिवशी त्याला प्यायला दोनदा देऊ केलं. पहिल्यांदा खिळण्याआधी, गंधरस मिसळलेला द्राक्षारस. मार्काचं शुभवर्तमान सांगतं की तो त्यानं घेतला नाही. दुसऱ्यांदा ही आंब. ती मात्र त्यानं घेतली आणि मग म्हणाला, ‘पूर्ण झाले आहे.’ तेव्हा त्या मुलीला सांगा : पाणी नाही दिलं बाळा, पण कोणीतरी आपल्या भांड्यातलं दिलं, आणि ते त्यानं घेतलं.

तुम्हाला आंब सांगता आली नाही याची लाज बाळगू नका. मला लहानपणी सांगता यायची, पण ती साफ चुकीची. आमच्या नगरकडे हरभऱ्याच्या रानात पहाटे धुतलेलं फडकं पसरायचे. हरभऱ्याच्या पाल्यावरचं दव आंबट असतं. फडकं भिजलं की पिळून बाटलीत भरून ठेवायचं. ती हरभऱ्याची आंब. पोट दुखलं की आजी त्यातली चमचाभर पाजायची, दात आंबायचे. त्यामुळे येशूला शिपायांनी पोटदुखीचं औषध दिलं अशी माझी पक्की समजूत होती, आणि शिपाई तसे बरे होते असंही वाटायचं. मॅट्रिक होईपर्यंत मी हे कुणाला बोलले नव्हते. पण एक सांगू? त्या चुकीच्या समजुतीमुळे मला तो प्रसंग दिसायचा. दात आंबायचे. पुढं बरोबर अर्थ कळला आणि दात आंबायचे थांबले.

आता तुमचा प्रश्न. ढोंगी आहात का? ढोंगी माणूस असं पत्र लिहीत नाही. तो पाचवा उद्गार आणखी पंधरा वर्षं वाचतो.

मी ३४ वर्षं पाळकीण होते. लोकांना वाटतं, देवळाच्या आवारातच घर, म्हणजे या बाईला देव जवळ. देवळाची किल्ली माझ्या कमरेला असायची, हे खरं. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत वाटतात त्या पाव आणि द्राक्षरसाची, तयारी माझी. शनिवारी रात्री काळे मनुके भिजत घालायचे, सकाळी उकळून गाळायचे, पावाच्या कडा काढून बारीक चौकोन करायचे, चिमणीएवढ्या पेल्या धुऊन पुसून ताटलीत मांडायच्या. माझ्या धाकट्यानं एकदा सगळ्या वडील मंडळींसमोर विचारलं होतं, “आई, आज प्रभुभोजनातलं किती उरलं? मला भूक लागलीय.” सगळे हसले. मी घरी येऊन त्याला दटावलं. नंतर लक्षात आलं, त्याला निदान भूक तरी होती. मी त्या ताटलीकडे बघून एवढंच मोजत असायचे की पेल्या पुरतील का.

शमुवेल आठवतो? तुमच्या वडिलांनी शब्बाथ शाळेत नक्की सांगितला असेल. लहान मुलगा, मंदिरात वाढलेला. देवाचा कोश (पवित्र पेटी) ठेवला होता त्या मंदिरात झोपायचा, सकाळी दारं उघडायचा. माझ्यासारखाच किल्लीवाला. देव हाक मारतो तेव्हा तो उठून एली याजकाकडे पळतो. तीनदा. ही गोष्ट आपण मुलांना ‘आज्ञाधारक शमुवेल’ म्हणून सांगतो आणि मधलं एक वाक्य गाळतो : शमुवेलाला अजून परमेश्वराची ओळख झाली नव्हती. मंदिरात झोपणाऱ्याला! हे वाक्य मला कळलं तेव्हा माझं लग्न होऊन वीसेक वर्षं झाली होती.

येशूच्या गावच्या, नासरेथच्या लोकांचंही तेच. त्यांची माहिती चुकीची होती असं मार्क कुठंही म्हणत नाही. हा सुतार, हा मरियेचा मुलगा, याकोब, योसे, यहूदा, शिमोन हे याचे भाऊ, बहिणी इथंच आहेत. सगळं अगदी बरोबर. शेजारी राहणाऱ्यांना माहीत असतं तितकं बिनचूक. आणि त्यांच्या अविश्वासाचं त्याला आश्चर्य वाटलं, असं पुढं लिहिलंय.

आता पंडिता रमाबाईंचं सांगते. त्या आपल्या म्हणून त्यांच्या नावाचा जयजयकार आपण करतो, त्यांचं म्हणणं फारसं ऐकत नाही. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला झाला. संस्कृतच्या पंडिता, विचार करकरून आलेल्या. तुमच्या-माझ्यासारखा धर्म त्यांना पाळण्यात मिळालेला नव्हता. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढलं. आणि बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण ख्रिस्त सापडलेला नाही. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. आठ वर्षं! लोक टीका करत होते, मुली सांभाळायच्या होत्या, पैसे उभे करायचे होते. आणि त्या गर्दीत एवढी मोठी बाई स्वतःला विचारते की माझ्याजवळ नेमकं आहे तरी काय. तेव्हा नव्यानं आलेल्यांचा हेवा करताना एवढं लक्षात ठेवा की नव्यानं आलेल्यालाही आठ वर्षांत सवय होते.

ज्या पुस्तकानं त्यांना हलवलं ते विल्यम हॅझलम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र होतं. त्याची हकिगत तर आणखीच मजेशीर. हा कॉर्नवॉलमध्ये पाळक. १८५१ साली एका रविवारी ‘ख्रिस्ताविषयी तुम्हाला काय वाटते?’ या वचनावर बोलायला उभा राहिला आणि बोलता बोलता त्याचं त्यालाच उमगलं की हा प्रश्न आपल्याला आहे. समोर बसलेल्या एकानं ओरडून सांगितलं, पाळकाचं परिवर्तन झालं! आमचे पाळकसाहेब ही गोष्ट दर दोन वर्षांनी उपदेशात सांगायचे आणि घरी आल्यावर म्हणायचे, “आपल्या मंडळीत अजून कुणी ओरडलं नाही ब्वा.” त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. त्या थट्टेत थोडी खंत होती, हे मला आता आता कळतंय.

तर ताई, हे दुखणं जुनं आहे आणि चांगल्या चांगल्यांना झालेलं आहे. पण तुम्ही त्याची खूण म्हणून जे सांगता, रडू येत नाही, काही ‘होत’ नाही, ती मला खूण वाटत नाही. काही माणसं मुळात कोरडी रडतात. शिवाय बाईमाणूस म्हणून सांगते : ४४ वय, बँक, घर, ईस्टरचं जेवण तुमच्याच डोक्यावर. थकवा आणि अश्रद्धा यांची गल्लत करू नका. थकव्याला झोप हवी असते.

माझ्या मते खूण दुसरीच आहे. शब्द आपल्याकडे काही मागेनासे झाले की ओळखायचं. आपण शब्द म्हणतो, तेही म्हणवून घेतात, आणि कुणाचंच काही अडत नाही.

माझं अडलं ती हकिगत सांगते. २००९ मध्ये माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाचायचं नाही, चुलीपुढं वाकायचं नाही, असं सांगून ठेवलेलं. मी पडल्या पडल्या पाठ असलेलं म्हणायचे. एका दुपारी प्रभूची प्रार्थना म्हणत होते. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यास ऋण सोडले आहे…’ आणि जीभ अडखळली. वाचायला डोळे नव्हते म्हणून कान उघडे होते की काय, कोण जाणे. ‘सोडू’ नाही. ‘सोडतो’ नाही. ‘सोडले आहे.’ काम झालेलं आहे, आणि त्याचा हवाला देऊन आपण पुढं मागतोय! माझ्या जावेनं १९९४ मध्ये शिलाई मशीनसाठी माझ्याकडून साडेतीन हजार नेले होते, ते परत दिले नव्हते. पंधरा वर्षं आम्ही लग्नकार्यात समोरासमोर आलो की दोघी पदर सारखा करायचो. आणि या पंधरा वर्षांत सकाळ-संध्याकाळ मी देवाला सांगत होते की ऋण सोडलेलं आहे. किती वेळा झालं ते? दहा हजारांच्या वर. मोजायला बसले तेव्हा मला घाम फुटला.

तिला फोन केला. ती म्हणाली, “कसले पैसे?” तिच्या लक्षातच नव्हतं. तिचा राग वेगळाच होता. तिची आई गेली तेव्हा मी मातीला गेले नव्हते. म्हणजे ऋण कुणाचं कुणावर होतं हाच प्रश्न. अजूनही आमचं फार गूळपीठ नाही, पण ती नाताळच्या करंज्या पाठवते आणि मी डबा रिकामा परत पाठवत नाही. एवढ्या एका क्रियापदानं मला जेवढं हलवलं तेवढं कुठल्या संजीवन सभेनं हलवलं नव्हतं.

म्हणून माझा उपाय छोटा आहे. सगळी श्रद्धा एकदम जिवंत करायला जाऊ नका, दमाल. एक वाक्य घ्या आणि ते अडेपर्यंत म्हणा. तुमचं वाक्य तर त्या पोरीनं निवडूनच दिलंय. ‘मला तहान लागली आहे.’ एप्रिलमध्ये, दुपारी, पिंपरीत. ते म्हणून झाल्यावर खाली सोसायटीच्या गेटवर कोण बसलंय, कचऱ्याच्या गाडीवर कोण आलंय आणि ते पाणी कुठलं पितात, एवढं बघून या. पुढचं मी सांगत नाही.

एक व्यावहारिक गोष्टही करा. पुढच्या वर्षी पाचवा उद्गार दुसऱ्या कुणाला तरी द्या आणि तुम्ही बाकावर बसून ऐका. आवाज बरा नसलेल्याला दिलात तर आणखी चांगलं. गायनमंडळ मात्र सोडू नका.

का नको ते सांगते, कारण हल्ली सवयीला फार शिव्या देतात. मी १९७२ च्या दुष्काळात सोळा वर्षांची होते. आमची आजी पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला जायची, मीही जायचे. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशात टोचायची. दुपारी सुट्टी झाली की आजी डोक्यावर पदर घेऊन, मातीचे हात जोडून प्रभूची प्रार्थना म्हणायची. ‘आमची रोजची भाकर आज आम्हास दे’ म्हणून झालं की एक डोळा उघडून फडक्यातल्या त्या लाल भाकरीकडे बघायची आणि वर तोंड करून म्हणायची, “दिलीस बरं का.” मग डोळा मिटून पुढचं. ‘ऋण’ वगैरे. शेजारच्या बाया हसायच्या. आजीला तीच प्रार्थना साठ वर्षं पाठ होती. पाठ होती म्हणून तर त्या उन्हात, त्या भुकेत तिला शब्द शोधत बसावं लागलं नाही.

हीच आजी रात्री चूल विझवायची नाही. जेवणं झाली की निखारे एकत्र ओढून त्यावर राख घालायची. काड्यापेटी घरात होती, पण काडीला पैसे पडतात. पहाटे राख बाजूला सारायची, आत लाल डोळा दिसायचा, त्यावर दोन काटक्या आणि गोवरीचा तुकडा ठेवून फुंकणीनं फुंकायची. विस्तव टिकायचा तो राखेमुळंच. पण म्हणून चार दिवस राख उकरलीच नाही, तर खाली कोळसासुद्धा उरत नाही, नुसती राख. प्रेषित पौलानं त्याच्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिलंय ना, तुझ्यातलं देवाचं कृपादान प्रज्वलित कर. मूळ ग्रीक शब्दात निखारा पुन्हा फुलवणंच आहे, असं आमचे पाळकसाहेब सांगायचे. आणि हे त्यानं कुणाला लिहिलं? त्याच्या आदल्याच ओळीत तीमथ्याची आजी लोईस आणि आई युनीके यांचा विश्वास आहे. म्हणजे आजीकडून आईकडे, आईकडून मुलाकडे आलेला. आपल्यासारखा. फुंकणी त्याच्याच हातात दिली.

तुमचं गायनमंडळ, पाठ असलेली गीतं, वडिलांची शब्बाथ शाळा, ही ती राख आहे. फेकू नका, उकरा.

आणि आमच्याकडे पहाटे शेजारणी विस्तव मागायला यायच्या. गोवरीचा तुकडा घेऊन दारात उभ्या. “विस्तव हाय का वं?” कधी कधी आजी अजून अंथरुणात असायची. शेजारीण दारात आली म्हणून ती उठायची आणि मग आपली चूल बघायची. ती नऊ वर्षांची पोर तुमचा दंड हलवून तेच विचारत होती, असं मला तुमचं पत्र वाचताना वाटलं. तिला उत्तर द्या. पुस्तकातलं, आंब आणि स्पंज, एवढंच आधी द्या. तिच्या घरच्यांचा मान ठेवून, तिनं विचारलं तेवढंच. आणि त्या वेळी तुमच्या मुलीला शेजारी बसवा. घड्याळ नंतर काढू दे.

प्रश्न : सलाम बाई. मी श्रीरामपूरचा, वय ७१, निवृत्त शिक्षक. मुलगा आणि सून नव्या सहवासात (नव्या पद्धतीच्या उपासनेच्या मंडळीत) जातात. तिथं गिटार, ड्रम, भिंतीवर गाण्याचे शब्द. ठीक आहे. पण मुलगा म्हणतो, “बाबा, तुमची उपासना मेलेली आहे, तुम्हाला सवयीनं काही कळत नाही.” मी ना. वा. टिळकांची गीतं पेटीवर वाजवत म्हातारा झालो. मी काय उत्तर देऊ?

उत्तर : मास्तर, सलाम. मुलाला दोन गोष्टी सांगा आणि एक स्वतःला.

मुलाला सांगा की ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन मंडळीत रुजवलं तेव्हा तेही नवंच वाटत होतं. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या पाच वर्षांत त्या घराचं काय झालं ते लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवलंय, त्याला वाचायला द्या. ती गीतं त्या दिवसांतून आलेली आहेत. तुम्ही ती पेटीवर वाजवताना हे त्याला कधी सांगितलंत का? नसेल, तर त्याला ती मेलेली वाटली यात त्याचा सगळाच दोष नाही. दुसरं, त्याच्या पोरांना आणखी पंधरा वर्षांनी गिटारचा कंटाळा येणार आहे. तेव्हा तो काय करणार ते आत्ताच ठरवून ठेव म्हणावं.

आणि तुम्ही स्वतः, ‘काही कळत नाही’ हे त्यानं रागात म्हटलं असलं तरी एका संध्याकाळी पेटी बाजूला ठेवून एक गीत नुसतं वाचून बघा. चाल काढून घेतली की शब्द उघडे पडतात. मला दोन गीतांत असं आढळलं की मी चाळीस वर्षं एक शब्द चुकीचा म्हणत होते. चालीत बसत होता म्हणून कुणी टोकलं नाही.

एकदा त्याच्याबरोबर तिकडे जाऊनही या. कानात कापूस घालून गेलात तरी चालेल.

प्रश्न : पाळकीणबाई, मागे एका उत्तरात तुम्ही प्रभुभोजनासाठी मनुक्यांचा रस घरी करता असं लिहिलं होतं. आमच्या खेड्यातल्या मंडळीत हे काम आता माझ्याकडे आलं आहे. प्रमाण सांगाल का?

उत्तर : अर्धा किलो काळे मनुके घ्या, बियांचे असले तरी चालतील. तीन पाण्यांनी धुवा, त्यात काड्या आणि खडे असतात. दीड लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर मनुके फुटेपर्यंत उकळा. गार झालं की हातानं चांगले कुस्करा आणि स्वच्छ मलमलच्या फडक्यातून पिळून घ्या. पुन्हा एकदा न दाबता गाळा, म्हणजे गढूळ दिसत नाही. फार दाट वाटला तर उकळून गार केलेलं पाणी घाला. साखर घालू नका. उन्हाळ्यात आदल्या दिवशी करून ठेवू नका, आंबतो.

शंभर माणसांना पुरून उरतो. देवळात नेण्याआधी एक पेली बाजूला काढून चाखून बघा. आणि घरात लहान मुलं असतील तर थोडा जास्तच करा. ती मागतातच.